‘क’ वायरीला पहिला नंबर

निसर्गाने डोळ्यांना पापण्या दिल्या, तोंडाला ओठ दिले, आणि कानांच्या बाबतीतला निर्णय मात्र प्रलंबित ठेवला. त्यामुळे माणूस जन्मापासून जे वाजेल ते ऐकत आलेला आहे. ही उणीव भरून काढण्याचे काम शेवटी वेल्हे तालुक्यात, पासलीच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या बासष्ट उंबऱ्यांच्या हिरडवाडीवर येऊन पडले, आणि ते आम्ही समिती नेमून पार पाडले. त्या समितीचा मी सचिव होतो. एरवी मी वाडीचे पोस्ट सांभाळतो. पत्रे आता येत नाहीत, त्यामुळे लिहिण्याचा हात मोकळा आहे.

सुरुवात भामाबाईंच्या दहाव्यापासून झाली. भामाबाई म्हणजे गोरखची आई. चौऱ्याऐंशी वर्षे जगल्या आणि त्यांच्या तोंडून मोठा आवाज कुणी ऐकला नाही. ओढ्याकाठी पिंड ठेवले, कावळा करंजावर बसला होता, खाली उतरण्याच्या बेतातही होता, तेवढ्यात गर्दीतल्या एकाच्या खिशातून “मित्रांनो, चॅनलला सबस्क्राईब करायला विसरू नका” असा आवाज आला. (त्या एकाचे नाव इतिवृत्तात आहे. इथे देत नाही, कारण तो आता सुधारला आहे.) कावळा ओढ्यापलीकडे गेला.

मग नेहमीप्रमाणे आश्वासने सुरू झाली. गोरखने हात जोडून म्हशीला विकणार नाही असे सांगितले. बहिणींना दिवाळीला आणीन असे सांगितले. बांधाचे भांडण मिटवीन, असेही सांगितले, आणि हे ऐकून बांधापलीकडचे लोकही जरा पुढे सरकले. कावळा हलला नाही. मधल्या काळात दुसऱ्या एका खिशातून क्रिकेटचा सामना आणि तिसऱ्यातून खतांची जाहिरात होऊन गेली. पावणेदोन तास झाले. सगळे उपाशी. शेवटी गोरख म्हणाला, “आये, वाडीत कुनाचा मोबाईल मोठ्यानं वाजू देत न्हाई. घरटी एक कानातली वायर देतो.”

कावळा आला आणि शिवला. (त्याला भूक लागली असावी, असे एक मत पुढे आले होते. ते अल्पमतात गेले.)

गोरख शिरवळच्या एका कंपनीत कामाला आहे. बासष्ट वायरी म्हणजे त्याच्या ऐपतीप्रमाणे एक वायर दोनशे रुपयांच्या आतलीच हवी होती. पण आईची शेवटची इच्छा स्वस्तातली असली तरी निकृष्ट असून चालणार नाही, असे त्याचे म्हणणे पडले, आणि आवाज व आराम या दोन्ही अंगांनी पारख करून वाडीनेच वायर निवडावी, असे सांगून तो कामावर हजर झाला.

देवळात बैठक होऊन ‘कानातली वायर निवड समिती’ स्थापन झाली. अध्यक्ष गेनबा कोकरे. एकतीस वर्षे एसटीत कंडक्टर होते. इतक्या वर्षांत सर्व प्रकारचा आवाज त्यांच्या कानांवरून गेला असल्यामुळे त्यांची निवड बिनविरोध झाली. महिला प्रतिनिधी म्हणून त्यांच्या पत्नी बनाबाई, कारण दिवसभर शेरडांमागे रानात असल्यामुळे बैठकीला त्या हजर नव्हत्या आणि नाही म्हणू शकल्या नाहीत. आरोग्याच्या बाजूने आशाताई शेफाली. तंत्रज्ञ म्हणून मानसिंग, ज्याचा टेम्पोवर स्पीकर लावून वराती वाजवण्याचा धंदा आहे. वायरी आल्या तर धंदा बसेल की काय, अशी शंका त्याला होती, म्हणून त्याला समितीत घेऊन त्याचा विरोध कायदेशीर करण्यात आला.

भोरच्या बाजारातल्या इंद्रजित नावाच्या दुकानदाराने तीन नमुने दिले. कुठल्याही कंपनीवर अन्याय होऊ नये म्हणून मी त्यांना अ, ब आणि क अशी नावे दिली. अ आणि ब खोक्यांत होते. क प्लास्टिकच्या पिशवीत होता आणि त्याचे एका बाजूचे रबर गहाळ होते. “हा असाच घ्या, ठेवून द्या,” असे इंद्रजित म्हणाला होता, पण समितीपुढे आलेला नमुना ठेवून देण्याची तरतूद नसल्यामुळे तो परीक्षेला बसवण्यात आला. पोस्टाच्या काट्यावर तिन्ही तोलले. अ तेरा ग्रॅम, ब बारा, क अकरा.

शंभर गुणांची वाटणी अशी केली: आवाजाला चाळीस, आरामाला चाळीस, आणि वीस ‘इतर’ला. (‘इतर’ म्हणजे काय हे शेवटपर्यंत ठरले नाही, त्यामुळे ते वीस गुण सर्वांना पूर्ण मिळाले.)

आधी शेफालीने सर्व सदस्यांचे कान तपासले. घाण कानाने दिलेला निकाल कोर्टात टिकणार नाही, असे तिचे मत होते. मानसिंगच्या उजव्या कानातून कुठल्याशा वरातीतल्या फटाक्याचा लाल कागद निघाला. सफाईनंतर बायको काय बोलते हे त्याला प्रथमच स्पष्ट ऐकू आले, आणि तो दोन दिवस समितीच्या कामाला येऊ शकला नाही.

आता प्रश्न आला की ऐकायचे काय. मानसिंग म्हणाला, ढोल. शेफालीला गाणी हवी होती. बनाबाईंनी काहीच सुचवले नाही. तेव्हा गेनबांनी अध्यक्षीय अधिकारात असा मुद्दा मांडला की, परीक्षेचा आवाज सर्वांच्या ओळखीचा पाहिजे, म्हणजे कुठली वायर त्यात काय कमी-जास्त करते ते लगेच कळेल. आणि वाडीत सर्वांच्या सर्वांत ओळखीचा आवाज कोणता, हे मी सांगायला नको, असे म्हणून त्यांनी मोबाईल तोंडासमोर धरला आणि बोलायला सुरुवात केली.

गेनबांबद्दल इथे थोडे सांगणे भाग आहे. माणूस सज्जन. तंबाखू नाही, शिवी नाही. फक्त एकतीस वर्षे इंजिनाच्या वर आवाज चढवून बोलायची सवय होती, आणि निवृत्त झाल्यावर इंजिन गेले तरी आवाज तिथेच राहिला. त्यांच्याजवळ पुष्कळ हकिगती होत्या आणि ऐकायला एकट्या बनाबाई होत्या. भाकरी थापताना, दूध काढताना, शेरडांना पाला टाकताना त्या ऐकत. माझे घर त्यांच्या घरापासून तिसरे आहे. मीही ऐकत होतो, पण माझी गणना श्रोत्यांत होत नसे.

तर भोरहून महाडला जाणारी गाडी वरंध घाटात दरडीमागे अडकली होती, ही हकिगत त्यांनी मोबाईलमध्ये भरली. लांबी सत्तेचाळीस मिनिटे. तिला समितीने ‘प्रमाण ध्वनी’ असा दर्जा दिला. प्रत्येक सदस्याने प्रत्येक वायर सात दिवस आळीपाळीने वापरायची आणि रोज एकदा प्रमाण ध्वनी पूर्ण ऐकायचा. म्हणजे माणशी सोळा तास सत्तावीस मिनिटे. स्वतःच्या आवाजाला स्वतः गुण देणे बरोबर नाही, म्हणून गेनबा परीक्षणातून बाजूला झाले. इतका सचोटीचा अध्यक्ष आमच्या भागात दुसरा झालेला नाही.

अ वायरीचा आठवडा कष्टाचा गेला. ती कानात इतकी दाटून बसते की बाहेरचे जग बंद होते आणि स्वतःचे सुरू होते. भाकरी चावली की जाते फिरल्यासारखे वाटते. पायऱ्या उतरलो तर प्रत्येक पाऊल डोक्यात. वायर कपड्याला घासली की कुणीतरी पत्रा ओढत नेतो आहे, असा आवाज येतो. तिसऱ्या दिवशी शेफालीच्या कानाची पाळी सुजली. आवाजाविषयी सांगायचे तर गेनबा एखाद्या पिंपात बसून बोलत आहेत असे वाटे, आणि ते पिंप आपल्या डोक्यातच ठेवलेले असे. मानसिंगला मात्र ती थोडी आवडली. “छातीत धडक बसत न्हाई, पन कानाखाली बसती,” असे त्याने अभिप्रायात लिहून दिले.

ब वायर अगदी उलट. तिच्यात गेनबांचा आवाज बारीक आणि टोकदार होऊन येई, जणू घाटातल्या दरडीखालून ते मदत मागत आहेत. शिवाय ती कानात राहत नसे. शेफाली भातखाचरात रोप लावायला वाकली की वायर चिखलात. बनाबाईंनी पदराच्या आत कानावरून घेऊन ती बसवून पाहिली, तेव्हा एका शेरडाने डावी बाजू खाल्ली. इंद्रजितकडून दुसरी आणावी लागली. (शेरडाचाही अभिप्राय नोंदवला आहे. पुन्हा मागायला आले नाही.)

मग क वायरीचा आठवडा आला.

पहिल्या दिवशी मी ती कानात घातली, प्रमाण ध्वनी सुरू केला आणि वाट पाहिली. मोबाईल चालू होता. गेनबांचा आवाज पुढे सरकत असल्याचे पडद्यावर दिसत होते, सोळा मिनिटे, सतरा मिनिटे. कानात काही नव्हते. पिन काढून पुन्हा घातली. काही नाही. लांब कुठेतरी रेडकाच्या गळ्यातली घंटा वाजत होती, तीसुद्धा रबरामुळे पुसट. घरातून मला भाजी निवडायला बोलावणे आले. मी कानाकडे बोट दाखवले. बोलावणारी व्यक्ती परत गेली. चौतीस वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदा घडले. मी सत्तेचाळीस मिनिटे पूर्ण बसलो, आणि प्रामाणिक परीक्षणासाठी आणखी सत्तेचाळीस बसलो.

नियमाप्रमाणे हा दोष मी समितीला कळवायला हवा होता. पण आवाज येत नाही असे फक्त माझेच म्हणणे निघाले असते, तर माझ्या कानांवर शंका आली असती. तेव्हा इतर सदस्य काय म्हणतात ते पाहू, असे मी ठरवले. इतर सदस्यांनीही, नंतर कळले त्याप्रमाणे, नेमके हेच ठरवले होते.

सातव्या दिवशी गुणपत्रके आली. आवाजासाठी अ वायरीला सरासरी अकरा, ब वायरीला चौदा. क वायरीला साडेएकोणचाळीस. बनाबाईंनी आणि शेफालीने चाळीसपैकी चाळीस दिले होते. मानसिंगने एक गुण कापून लिहिले होते, “बेस लई खोल हाय, वरपर्यंत येत न्हाई.” मीही एक कापला, संशय येऊ नये म्हणून. आरामाच्या रकान्यात शेफालीने लिहिले, “वापरानंतर डोकेदुखी गेली.” बनाबाईंना लिहिता येत नाही. त्यांनी सांगितले ते मी लिहून घेतले: “ब्येस वाटलं.”

निकाल ऐकून गेनबांचा चेहरा उजळला. याच वायरीत त्यांचा आवाज इतका आवडला याचा अर्थ हीच वायर आवाजाशी इमान राखते, असा त्यांनी निष्कर्ष काढला आणि तो मी इतिवृत्तात घातला.

अहवालवाचन रविवारी भैरवनाथाच्या देवळात ठेवले. गोरख शिरवळहून आला होता. पन्नासेक माणसे होती. वाचन संपल्यावर गेनबा उभे राहिले आणि म्हणाले की, इतके दिवस अध्यक्ष म्हणून आपण लांब राहिलो, पण आता निकाल लागला आहे, तेव्हा सर्वांसमोर आपण स्वतः ही वायर लावून दाखवतो.

मानसिंग पायांकडे बघू लागला. शेफालीला एकाएकी कुणाच्या तरी बाळाच्या लसीची आठवण झाली. मी माझ्या वहीत काहीच न लिहिता लिहीत राहिलो.

गेनबांनी वायर कानात बसवली, मोबाईलवर बोट दाबले आणि डोळे मिटले. थोड्या वेळाने उघडले. पिन चाचपली. मोबाईल जवळ धरून पाहिला. मग त्यांनी एकेक करून आमच्याकडे बघितले, चारही परीक्षकांकडे, आणि शेवटी बनाबाईंकडे बघत राहिले. बनाबाई देवळाच्या खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांनी नजर काढून घेतली नाही.

एवढ्या माणसांपुढे गेनबा इतका वेळ गप्प उभे राहिल्याचे वाडीच्या इतिहासात उदाहरण नाही. गोरख ताटकळला होता. त्याच्या आईचे काम या एका माणसाच्या तोंडावर अडले होते. वायर नापास केली असती तर समिती खोटी ठरली असती, परीक्षा नव्याने घ्यावी लागली असती, आणि परीक्षा नव्याने म्हणजे प्रमाण ध्वनी नव्याने. गेनबांनी वायर कानातून काढली, नीट गुंडाळली आणि गोरखच्या हातात दिली.

“आवाज चांगला हाय,” ते म्हणाले. “हीच घे.”

तिथून घरापर्यंत चढाची वाट आहे. मी गेनबा आणि बनाबाईंच्या मागेच होतो, कारण माझीही वाट तीच. निम्म्या चढावर गेनबा थांबले.

“आगं, त्यात कायबी वाजत न्हाई.”

“व्हय,” बनाबाई म्हणाल्या.

“आन तू चाळीस दिलंस.”

“तुमी इच्यारलं कसं वाटतं. म्या सांगितलं.”

गेनबा समोरच्या डोंगराकडे वळले. राग आला असता तर त्यांना तो करता आला असता, पण चेहऱ्यावर राग नव्हता. चुकीच्या थांब्यावर उतरवलेल्या माणसासारखे ते दिसत होते.

“मग इतकी वर्सं?”

“तवा वायर न्हवती,” बनाबाई म्हणाल्या आणि शेरडांना पाणी दाखवायला पुढे गेल्या.

पंधरवड्यात बासष्ट वायरी आल्या. घरटी एक वाटली. आणि दुसऱ्याच दिवशी तक्रारी सुरू झाल्या, कारण सगळ्या वायरींतून आवाज येत होता. समितीने इंद्रजितला रीतसर पत्र लिहिले की, पुरवलेला माल नमुन्याबरहुकूम नाही. तो धंद्यातला मुरलेला माणूस. त्याने फोनवर शांतपणे सांगितले की, घाई करू नका, तीन आठवडे वापरा. एकोणिसाव्या दिवशी बासष्टपैकी अठ्ठावन्न वायरी बंद पडल्या होत्या. दिलेला शब्द पाळणारा दुकानदार अजून आहे, ही नोंद मी मुद्दाम केली. उरलेल्या चार घरांना सबुरीने घ्यायला सांगितले आहे.

वायर खुपसलेली असली की मोबाईल स्वतःही गप्प राहतो, हे तंत्रज्ञानाचे वैशिष्ट्य आम्हाला तेव्हाच कळले. भामाबाईंची इच्छा अक्षरशः पूर्ण झाली. समितीच्या पाहणीनुसार सासू-सुनांची भांडणे शेकडा सत्तरने घटली, आणि उरलेली शेकडा तीस एका बाजूनेच चालू आहेत. माणसे एकमेकांसमोर कानात वायर घालून बसतात, अधूनमधून मान हलवतात, आणि दोघांनाही समोरचा समजूतदार वाटतो. पासलीतून आणि थेट उत्रोलीहून चौकशी आली. भोंगवलीच्या एका मंडळाने तर परीक्षा न घेताच क मिळेल का, असे विचारले आहे.

गेनबा सुरुवातीचे काही दिवस खरोखर गप्प होते. अंगणात बसून तिकिटे टोचायचा एसटीचा जुना पंच नुसता उघडझाप करत. त्या आवाजाने माझीच झोपमोड व्हायला लागली, दुपारची. मग एका संध्याकाळी वायर घातलेले दोघेतिघे त्यांच्या कट्ट्यावर येऊन टेकले. वायर असली की कुणाजवळही बसता येते. गेनबांनी घसा साफ केला. दोघांनी मान हलवली. गेनबांनी सुरू केले. आता रोज अकराजण असतात. एवढे श्रोते त्यांना बसमध्येसुद्धा मिळाले नव्हते, कारण तिथे लोक उतरून जात.

बनाबाईंनी मात्र वायर काढून खुंटीला अडकवली. त्या अकरा जणांच्या मागे, भिंतीशी, मोकळ्या कानांनी बसतात आणि पाला निवडतात. मी कारण विचारले, निव्वळ नोंदीसाठी.

“समद्यांनीच घातल्यावर कुनीतरी ऐकाय नको?” त्या म्हणाल्या.

परवा त्यांनी गेनबांना मधेच थांबवून सांगितले की, गाडी घाटात सतरा तास नव्हे, नऊ तास अडकली होती, आपण त्या दिवशी दोनदा डबा गरम केला होता. अकरापैकी कुणाच्याही लक्षात ही दुरुस्ती आली नाही. गेनबांनी ती मान्य केली आणि पुढे बोलताना आवाज बराच खाली आणला, जणू पन्नास माणसांची गाडी नसून शेजारच्या सीटवर एकच कुणी बसले आहे.

हा वृत्तांत इथे संपतो. तो मी समितीपुढे वाचला तेव्हा सर्वांनी माना हलवल्या, म्हणून तो आपल्यापर्यंत पाठवत आहे. आपण तो शांतपणे, खाली मान घालून इथपर्यंत वाचलात, हे पाहून फार समाधान वाटले. मधे घरातून आपल्याला दोन हाका येऊन गेल्या. पहिली हाक गाडी घाटात अडकली तेव्हा, दुसरी आत्ता. आपण हलला नाहीत, आणि वाचणाऱ्या माणसाला काम सांगू नये म्हणून हाक मारणारी व्यक्तीही परत गेली. कान मिटायला आम्हाला बासष्ट वायरी, एक दुकानदार आणि तीन आठवडे लागले. आपण हे नुसत्या कागदावर केलेत. आवाजाला आपल्याला चाळीसपैकी चाळीस देत आहोत.